पाहुण्याला काय दाखवायचं

निहार आला विशाखापट्टणहून, वय वर्षं नऊ,
आणि बूट काढायच्या आत
यादी म्हणून दाखवली:
आमच्याकडे वाळूवर आणून ठेवलेली खरी पाणबुडी आहे,
आत जाता येतं, डोकं आपटतं.
रोपवे आहे. दीपस्तंभ आहे.
बाबांच्या ऑफिसातून क्रेन दिसतात जिराफांसारख्या
आणि लांबवर जहाजं,
रेशनला उभी असल्यासारखी.
तुमच्या बडोद्यात काय आहे, आत्या?

मांडवी आहे, मी म्हटलं.
म्हणजे जकातीचं नाकं. चारी बाजूंनी कमानी, भोवती स्कूटरी.
'आणि समुद्र?'
समुद्र नाही.
'समुद्राशिवायच जकात?'

सुरसागर आहे, म्हटलं.
नावातला सागर ऐकून त्याने बूट पुन्हा घातले.
कठड्याला पोट टेकून बघितलं:
मध्ये उभे महादेव, हिरवट पाणी,
पाण्यावर एक चिप्सची पिशवी.
'पलीकडचं दिसतंय,' एवढंच म्हणाला,
डॉक्टर 'ताप आहे' म्हणतात तसं.

विश्वामित्रीच्या पुलावर वीस मिनिटं थांबलो मगरीसाठी.
लाकूड लाकूडच निघालं.

तिसऱ्या दिवशी माझ्याजवळचं शहर संपत आलं.
सेव-उसळ खाऊन झाली, राजवाडा कानाला यंत्र लावून ऐकून झाला
(राजे आंघोळ कुठे करायचे ते सांगतच नाहीत, ही तक्रार).
कमाटीबागेत फुलांचं घड्याळ सव्वादोनला थांबलेलं.
पिंजऱ्यापाशी कुणाचं तरी पोर ओरडलं, 'बंदर! बंदर!'
निहार गर्रकन वळला.
माकडं होती.
आम्ही दोघं हसलो,
तो जरा उशिरा.

उरलं म्युझियम.
तिकिटबारीत हंसाबेन: 'नानो छे? अर्धी.'

आणि मग तो.
मांस नाही, पाणी नाही,
या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता आकार,
खोली त्याच्याभोवती मागाहून बांधली असावी असा.
पाटीवर महीचं मुख, वाहून आलेला देवमासा.
भरतीने आत आणला असेल,
ओहोटी एकटीच परत गेली असेल.

निहारने तोंड उघडलं
आणि यादीतलं काहीच बाहेर आलं नाही.
पावलं टाकत गेला जबड्यापासून शेपटीपर्यंत,
शेवटच्या सुपारीएवढ्या हाडापर्यंत.
परत आला, परत मोजली.
मणके मोजताना हरवला
तेव्हा माझं बोट धरून पहिल्यापासून.

स्टुलावरचे रायजीभाई उठले.
'अडवानुं नथी, दीकरा,' म्हणाले,
मग स्वतःच वाकून दाखवलं:
'आंगळां जो.'
पंखाच्या जागी बोटं होती. पेरं पेरं, ओळीने.
निहारने आपला पंजा हवेत पसरला,
एकदा त्याच्याकडे, एकदा आपल्याकडे.
'आत्या, हा पाणबुडीपेक्षा...'
आणि वाक्य तिथेच ठेवलं.

थोड्या वेळाने विचारलं,
'समुद्र कुठल्या बाजूला?'

एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
वास्कोला आमच्या घरी
घड्याळ बोटीच्या भोंग्यावर लावायचे,
रेडिओवर कुणाचा विश्वास नव्हता.
भाऊ एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर गेला.
मी इथे आले, डब्यात सुकट घेऊन,
शेजार शाकाहारी.

रायजीभाईंनी आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे हात केला:
'त्यां. जंबुसर बाजू.'
माशाचं तोंड तिकडे नव्हतं.
तिकिटबारीकडे होतं.

रात्री तो फोनवर सांगत होता:
'बाबा, इथे एक आहे. एकेचाळीस पावलं. माझी.
नाही, मेलेला. पण त्याला बोटं आहेत.
हो, मगर नाही दिसली.
आणि आत्याला ना, समुद्र कुठे आहे तेच माहीत नाही.'

मी कढईला लागलेलं घासत होते.
माहीत आहे, म्हटलं,
नळ चालू ठेवून.